हौसा ऊर्फ झुंबर

चूक शाहिस्तानंच केली होती, आणि केली होती ती नियम पाळून. नियम मोडून चूक झाली तर माणूस चार शिव्या खाईल, कान धरेल आणि मोकळा होईल. नियम पाळून झालेल्या चुकीचं काय करायचं? तिचा दोष कुणाच्या गळ्यात घालायचा?

नियम शिकवला होता पूर्णिमा वकील मॅडमनी. राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर विधी स्वयंसेवकांचं सहा दिवसांचं शिबिर झालं होतं. तीसेक बाया, पाच-सहा बाप्ये, सगळे गावोगावचे. तुम्ही वकील नव्हे, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं. ज्याला कचेरीची पायरी चढायचीच भीती वाटते त्याच्यासोबत ती पायरी चढायची, अर्ज लिहून द्यायचा, मुदत मोजायची, पोच मागून घ्यायची, एवढं तुमचं काम. आणि नाव लिहायचं ते आधार कार्ड बघूनच लिहायचं. "गल्लीत बाळू असेल, कागदावर बाळासाहेब असतो. कागद बाळूला ओळखत नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा सगळे हसले होते. शाहिस्तानं मात्र ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

बिद्रीच्या पलीकडं तिचं गाव. नऊ वर्षांपूर्वी ती तिथं लग्न होऊन आली. नवरा अल्ताफ दुधाचा टेम्पो चालवतो. गळ्यात ओळखपत्र अडकवून ती शिबिरातून परतली तेव्हा गल्लीनं तिची भरपूर चेष्टा केली. कुणी वकिलीणबाई म्हणालं, कुणी जज्जसाहेब. आणि चेष्टा विरायच्या आतच पहिलं काम दारात येऊन उभं राहिलं. ते म्हणजे झुंबरबाई.

झुंबरबाई साठीची, काटक, तोंडाची फटकळ. नवरा कबनूरला मागावर कामाला होता, तो वारला, पोरबाळ नव्हतं, म्हणून बारा वर्षांपूर्वी माहेरी परत आली. रस्त्याकडेच्या बापाच्या जमिनीत एक पत्र्याची खोली, शेजारी गोठा, त्यात एक म्हैस, एवढा तिचा संसार. गेल्या साली बाप गेला. धाकटा भाऊ गुंडू यानं वारसाची नोंद घालताना एकट्याचंच नाव दिलं. मागं लागलेला होता अमरसिंह, साखर कारखान्यात वजन असलेला गावचा पुढारी. त्याला तो रस्त्याकडेचा तुकडा हवा होता, पेट्रोल पंपासाठी. नोंद झाली की दुसऱ्या दिवशी खरेदीखत आणि तिसऱ्या दिवशी खोलीवर जेसीबी, असा बेत होता आणि अमरसिंहानं तो काही लपवूनही ठेवला नव्हता.

"मला श्यात नगो," झुंबरबाईनं सांगितलं. "माझी खोली आन् म्हशीपुरती जागा, तेवढं ऱ्हाऊ द्या म्हनावं. ह्या वयात मी म्हस घिऊन कुटं जाऊ?"

शाहिस्तानं मुदत मोजली. नोटिशीचे पंधरा दिवस, त्यातला चौदावा चालू होता. तिनं धावतपळत हरकतीचा अर्ज लिहिला, आधार कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर तपासून नाव घातलं, झुंबरबाईचा अंगठा घेतला, तलाठ्याकडं दिला आणि पोच छातीशी धरून घरी आली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

मग पंधरवड्यानं सर्कलसाहेबांची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांची, सुनावणीची नोटीस आली आणि सोबत गुंडूचं म्हणणं जोडलेलं. 'मयतास हौसा नावाची एकच मुलगी होती. ती लग्नानंतर सासरी मयत झाली. झुंबर नावाची मुलगी मयतास कधीही नव्हती. हरकतदार बाई कोण, कुठली, हे आम्हांस ठाऊक नाही.' गुंडूला असलं लिहायचं डोकं नाही. हे अमरसिंहाचं डोकं, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळलं असतं.

शाहिस्ता तो कागद घेऊन पळत सुटली. झुंबरबाई धार काढत बसली होती. ही हौसा कोण, असं विचारल्यावर तिनं मान वर न करता सांगितलं, मीच की. माहेरची हौसा, सासरची झुंबर. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून झुंबर. आधार कार्ड कबनूरला निघालं, ते त्याच नावानं. बापाच्या घरच्या कागदात तिचं जे काय नाव असेल ते हौसा.

शाहिस्ता गोठ्यातच मटकन बसली. तिच्या समाजात लग्नात नाव बदलत नाहीत. तिची आई सुलतानबी जन्मली सुलतानबी आणि आजतागायत सुलतानबीच आहे, लग्नानं तिच्या नावाचा कानामात्रासुद्धा हलला नाही. गावातल्या म्हाताऱ्या झुंबरबाईला हौशे म्हणून हाक मारतात हे तिनं कितीदा ऐकलं होतं, पण ते लाडाचं नाव असेल असं तिला वाटलं. गल्लीतलं नाव नको, हा नियम पाळला, आणि नेमकं तेच नाव कागदाला हवं होतं. कप्पाळ माझं, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. झुंबरबाईनं तिला रडू दिलं आणि धार पुरती केली.

पूर्णिमा मॅडमना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचंच शाहिस्ताला जास्त लागलं. त्यांनी फोनवरच तिच्याकडून दोन्ही नावांचा दुरुस्ती अर्ज लिहून घेतला, 'हौसा ऊर्फ झुंबर' असा. पण नुसत्या ऊर्फनं भागत नाही, पुरावा पाहिजे, असंही स्पष्ट सांगितलं. दोन्ही नावं असलेला एखादा जुना कागद, नाहीतर लग्नाला हजर असलेला साक्षीदार. नोंद एकदा गुंडूच्या नावावर पडली की मग दिवाणी कोर्ट, आणि कोर्टात निकाल लागेपर्यंत खोलीच्या जागी पंप उभा राहून त्याला गंजही चढलेला असेल. सुनावणी गुरुवारी होती. आज रविवार.

सोमवारी शाहिस्ता कबनूरला गेली. ज्या चाळीत झुंबरबाईनं पंचवीस वर्षं काढली तिथल्या बायांनी तिला चहा पाजला, झुंबरची आठवण काढून डोळे पुसले, पण हौसा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याकडची माणसं कधीच पांगली होती. लग्न लावणारे भटजी देवाघरी गेलेले. शाळेत झुंबरबाई कधी गेलीच नव्हती. कबनूरला झुंबर ठाऊक, गावाला हौसा ठाऊक, आणि दोघी एकच हे सांगणारा कागद जगात कुठं नव्हता.

उरले गावातले साक्षीदार. त्या लग्नात जेवलेली निदान वीस माणसं अजून गावात चालतीफिरती होती. पण ऊसतोडीच्या टोळ्या कुणाच्या रानात आधी जायच्या हे अमरसिंह ठरवायचा, आणि फेब्रुवारी सरत आला तरी निम्म्या गावाचा ऊस रानात उभा होता. मंगळवारी, बुधवारी शाहिस्तानं दारं झिजवली. कुणाला काही आठवेना. कुणी घरातच नव्हतं. एका दारात आतून खोकल्याचा आवाज आला आणि सुनेनं सांगितलं, मामा गावाला गेल्यात. लग्नात करवली म्हणून मिरवलेली बयाबाई तेवढी खरं बोलली.

"मला समदं म्हाईत हाय, पोरी," ती म्हणाली. "पर माझा ऊस अजून हुबा हाय."

बुधवारी संध्याकाळी अमरसिंह अल्ताफला डेअरीवर भेटला. आवाज न चढवता, खांद्यावर हात टाकून त्यानं विचारलं, वहिनींचं शिक्षण झालं का पुरं? टेम्पोचं बरं चाललंय न्हवं? अल्ताफनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि जेवायला बसला.  शाहिस्तानं विचारलं, मी जाऊ नको का उद्या?  तो म्हणाला, अर्जावर अंगठा तू घेतलास, आता म्हातारीला एकटी पाठवलीस तर मला बी लाज वाटंल. एवढं बोलून तो झोपला. शाहिस्ताला मात्र पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

गुरुवारी अकराला दोघी सर्कलसाहेबांच्या कचेरीत पोचल्या. व्हरांड्यात बाकावर गुंडू आधीच बसला होता. पन्नाशीचा, अंगानं भरलेला, स्वभावानं मेणाहून मऊ. वारं वाहील तिकडं वाकायचं, एवढंच त्याला जन्मात जमलं. शेजारी अमरसिंह, पांढराशुभ्र शर्ट, मोबाइलवर बोलत. गुंडूनं बहिणीकडं बघितलं नाही. चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी करत राहिला.

शाहिस्ता झुंबरबाईशेजारी टेकली. हातात पुरावा नाही, साक्षीदार नाही, आणि आत गेल्यावर तोंड उघडायचा हक्कही नाही, कारण ती वकील नव्हे. म्हातारीला धीर द्यावा म्हणून, आणि खरं तर स्वतःलाच धीर यावा म्हणून, तिनं शिबिरात शिकलेली एक गोष्ट काढली. मावशी, घाबरू नका, असं ती कानात म्हणाली. साहेब आधी शपथ घालतात. शपथेवर खोटं बोललं आणि ते पुढं कधी उघडं पडलं तर सात वर्षांपर्यंत आत जावं लागतं. तुमचा भाऊ बोलू दे खोटं. आज नाही तर उद्या उघडं पडणारच. मग जाईल खडी फोडायला.

झुंबरबाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"खरंच व्हय?" तिनं विचारलं.

"कायदाच हाय तसा."

झुंबरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिला धीर आला असं शाहिस्ताला वाटलं. बघा, माणसाला किती कमी कळतं.

आत टेबलामागं सर्कलसाहेब, बाजूला जबाब लिहून घेणारा कारकून. साहेब तरुण होते, वैतागलेले होते, आणि त्या दिवशी त्यांच्यापुढं अजून नऊ प्रकरणं होती. पहिल्यांदा गुंडूला उभं केलं. त्यानं शपथ घेतली तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक निघाला की कारकुनानं पुन्हा म्हणायला लावलं.

साहेबांनी झुंबरबाईकडं बोट केलं आणि ही बाई कोण, असं विचारलं.

गुंडू खाली बघत राहिला. अमरसिंह हलकेच खाकरला.

"वळखत न्हाई," गुंडू म्हणाला.

"तुमची बहीण नव्हे?"

"माझी भन मेली."

कारकुनाचं पेन कागदावर चालत राहिलं.  माणूस एवढं बोलू शकतो, तेही चार हातांवर जिवंत बहीण बसलेली असताना! रागानं शाहिस्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. गुंडूनं सही करायला हात पुढं केला, पण साहेबांनी थांबवलं, दोघांचे जबाब होऊ देत, मग सह्या घेऊ. आणि त्यांनी झुंबरबाईला पुढं बोलावलं.

झुंबरबाई उठली. सगळा वेळ तिची नजर गुंडूवर होती, आणि त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर शाहिस्ताला बरं वाटलं असतं. आई गेली तेव्हा गुंडू दोन वर्षांचा होता आणि हौसा अकरा वर्षांची. तिनंच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, कडेवर घेऊन रानात नेलं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

साहेबांनी नाव विचारलं. तिनं झुंबर म्हणून सांगितलं. माहेरचं नाव विचारलं.  शाहिस्तानं मागून तिचा पदर हळूच ओढला. म्हातारीनं तो सोडवून घेतला.

"मला म्हायार न्हाई," ती म्हणाली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे गुंडू तुमचे कोण?"

"कोन न्हाई. मी हितं अशीच ऱ्हाते. त्येंच्या बाऽनं जागा दिलीती ऱ्हायाला."

"मग हरकत कशी घेतलीत तुम्ही?"

"ही पोरगी नवी हाय, शिकाऊ. तिनं चुकून लिवलं. मला काय वाचाय येतंय व्हय?"

शाहिस्ताला पहिल्यांदा वाटलं, आपण ऐकतोय ते खरं नाही. मग ते डोक्यात शिरलं. खडी फोडायला जाईल, असं ती कोणत्या तोंडानं बोलून गेली होती! कायदा सांगितला तो बरोबर सांगितला, शिक्षेच्या वर्षांसकट सांगितला, पण सांगितला कुणाला? ज्या बाईनं त्या माणसाला भरवून मोठं केलं तिला. भाऊ तुरुंगात जाऊ नये म्हणून ती आपलं छप्पर, आपलं नाव, आपला बाप, सगळं एका दमात टाकून मोकळी झाली होती. ओरडून सांगावंसं वाटलं, साहेब, असं नाही. पण विधी स्वयंसेवकाला सुनावणीत बोलता येत नाही. शाहिस्तानं ओठ दाताखाली धरले. तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अमरसिंहालाही हे अपेक्षित नव्हतं. क्षणभर तो बावचळला, मग त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि ऐटीत पाय पसरून बसला. साहेब कारकुनाला सांगू लागले, लिहा, हरकतदार बाईने कबूल केले की ती मयताची मुलगी नाही, मयताशी किंवा गुंडूशी तिचे कोणतेही नाते नाही. कारकुनाला शब्द म्हणत म्हणत लिहायची खोड होती. कोणतेही, नाते, नाही, असं तो एकेक शब्द तोडून मोठ्यानं म्हणत गेला आणि ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

गुंडूची मान खालीच होती. त्याचे कान लाल झाले, मग मानेवरची शीर ताठ झाली. मघाशी तो स्वतः हेच बोलला होता, आणि अमरसिंहानं चार दिवस घोकून घेतल्यामुळं ते त्याच्या तोंडून निघूनही गेलं होतं. पण तिनं हे बोलावं हे त्याच्या हिशोबात कुठंच नव्हतं. भांडेल, शिव्या घालेल, छाती बडवेल, असं धरून तो आला होता. त्या सगळ्याची त्यानं तयारी केली होती.

झुंबरबाईनं अंगठा शाईच्या डबीवर टेकला.

"खोटं हाय," गुंडू म्हणाला.

साहेबांनी वर बघितलं. "काय खोटं?"

"खोटं बोलतीया ती."

"कोण?"

"आक्का," गुंडू म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "साहेब, आक्का खोटं बोलतीया."

 अमरसिंहानं गुंडूचा दंड धरून त्याला खाली ओढलं. गुंडूनं तो झटकला, पण पुढं काय करायचं ते त्याला कळेना, तो भर कचेरीत पोरासारखा रडायला लागला. आणि झुंबरबाई शाईचा अंगठा तसाच धरून त्याच्यावर धावून गेली.

"गप बस की मुडद्या," ती दबक्या आवाजात म्हणाली, जसं काही साहेबांना ऐकूच जाणार नव्हतं. "सात वर्सं आत जाशील. मी बोलतीय न्हवं? तू गप बस."

साहेबांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग कुणी सांगितली सात वर्षं, असं विचारलं. शाहिस्तानं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला, अर्धवट, खांद्यापर्यंतच. तिला वाटलं, आता आपलं ओळखपत्र जमा होणार. साहेब तिच्या गळ्यातल्या त्या कार्डाकडं बघत राहिले.

"बरोबर सांगितलंत," ते म्हणाले. "पण सही कुठं झालीय अजून?"

त्यांनी कारकुनाच्या हातातले दोन्ही कागद घेतले, त्यांवर आडवी रेघ मारली आणि नवा कोरा कागद पुढं सरकवला. अमरसिंह उठून काहीतरी बोलू लागला, तुम्ही पक्षकार आहात का, असं साहेबांनी विचारलं. तो नव्हता. तो बाहेर गेला, आणि जाताना त्यानं दार आपटलं. उद्या टोळी कुणाच्या रानात जाणार नाही आणि अल्ताफच्या टेम्पोचं काय होणार, हे शाहिस्ताला त्या आवाजातच कळलं.

साहेबांनी गुंडूला पाणी दिलं आणि त्याच्याकडून जबाब नव्यानं लिहून घेतला. हौसा ऊर्फ झुंबर ही माझी सख्खी थोरली बहीण, तिच्या लग्नाला मी सात वर्षांचा होतो, तांदळात नाव लिहिलं ते मी बघितलं. कारकून एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होता. गुंडूनं सही केली. मग साहेब झुंबरबाईकडं वळले आणि म्हणाले, बाई, आता खरं सांगा, हा तुमचा कोण?

 झुंबरबाईनं वळून शाहिस्ताकडं बघितलं. तिचा त्या नव्या सहीवर विश्वास नव्हता, साहेबांवर नव्हता, कागदावर तर नव्हताच.

"पोरी, तू सांग. ह्येला काय हुनार न्हाई न्हवं?"

याचं उत्तर शाहिस्ताच्या वहीत नव्हतं. शिबिरात ते कुणी शिकवलं नव्हतं. रेघ मारलेल्या कागदाचं पुढं काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि चुकलं तर या खेपेला चूक नियमाची नसणार, तिची एकटीची असणार होती. ती उठून म्हातारीजवळ गेली.

"काय हुनार न्हाई, मावशी," ती म्हणाली. "मी हाय की."

झुंबरबाईनं पदरानं गुंडूचं तोंड पुसलं, तेव्हा अंगठ्याची निळी शाई त्याच्या गालाला लागली. मग ती साहेबांकडं वळली.

"भाऊ हाय माझा," ती म्हणाली. "लिवा."